निकाल लागण्यापूर्वी लिहून ठेवा : निर्णयांची नोंदवही कशी ठेवावी

एखादी गोष्ट घडून गेल्यावर "मला आधीपासूनच वाटत होते" असे म्हणणारा माणूस सहसा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे आठवत असते. निकाल कळताच आधीची अनिश्चितता स्मृतीतून पुसली जाते, मनात येऊन गेलेल्या शंकांपैकी खऱ्या ठरलेल्या तेवढ्या ठळक होतात, बाकीच्या विरून जातात, आणि जे घडले ते घडणारच होते असे वाटू लागते. ही पश्चातबुद्धी इतरांवर टीका करण्यापुरतीच असती, तर तिची एवढी काळजी करण्याचे कारण नव्हते. तिचे खरे नुकसान स्वतःच्या बाबतीत होते. आपले अंदाज कुठे बरोबर येतात, कुठे चुकतात, कोणत्या प्रकारच्या निर्णयांत आपण फाजील खात्री बाळगतो, हे शिकायचे असेल तर आपला मूळ अंदाज काय होता हे ठाऊक असावे लागते, आणि नेमका तोच आपल्याजवळ उरलेला नसतो.

म्हणून निकाल लागण्यापूर्वी आपला अंदाज, त्यामागची कारणे आणि आपली खात्री कागदावर उतरवून ठेवावी. ही वही कशी ठेवायची, तिच्यात काय लिहायचे आणि ती पुन्हा केव्हा उघडायची, हे पुढे सविस्तर सांगितले आहे. पण त्याआधी, स्मृतीवर विसंबून का चालत नाही हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते पटल्याशिवाय ही वही दोन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही.

1972 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चीनला आणि मे महिन्यात मॉस्कोला गेले. या दौऱ्यांच्या आधी बारूख फिशहॉफ आणि रुथ बायथ या संशोधकांनी इस्राएलमधील विद्यार्थ्यांना दौऱ्यात घडू शकणाऱ्या अनेक घटनांची शक्यता अंकात लिहायला सांगितली होती : निक्सन आणि माओ यांची एकदा तरी भेट होईल का, अमेरिका चीनमध्ये कायमस्वरूपी राजनैतिक कार्यालय उघडेल का, इत्यादी. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपण तेव्हा कोणते आकडे लिहिले होते ते आठवायला सांगण्यात आले. जे घडले होते त्याला आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त शक्यता दिली होती असे त्यांना आठवत होते, आणि जे घडले नव्हते त्याला कमी. हा अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फिशहॉफ यांनी आणखी एक प्रयोग मांडला. त्यात वाचकांना 1814 साली सुरू झालेल्या इंग्रज-गुरखा युद्धाचे वर्णन देऊन, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट "खरा" म्हणून सांगितला होता. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्या गटाला तोच आधीपासून संभवनीय वाटला. निकाल ठाऊक नसता तर काय उत्तर दिले असते असे विचारले, तरीही त्यांना तो निकाल मनातून बाजूला काढता आला नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब अशी की नुसत्या सावधगिरीने हा दोष जात नाही. फिशहॉफ यांनी पुढच्या एका अभ्यासात लोकांना या प्रवृत्तीची आधीच कल्पना दिली होती आणि ती टाळण्याचा प्रयत्न करायला सांगितले होते. तरी ती टिकून राहिली. तेव्हा "मी आता जागरूक राहीन" हा निश्चय पुरेसा नाही. कागद लागतो.

स्मृतीबरोबर येणारी खात्री हादेखील भरवशाचा पुरावा नव्हे. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी आणि कोणाकडून कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनंतर त्यांपैकी 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सातपैकी गुण दिले, तेव्हा सरासरी तीनच्याही किंचित खाली आली, आणि 11 जणांना शून्य मिळाले, म्हणजे त्यांच्या आठवणीतला एकही मुख्य तपशील मूळ नोंदीशी जुळला नाही. तरीही अनेकांची खात्री भक्कम होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. ज्या गोष्टीत आपला काही स्वार्थ गुंतलेला नाही तिथे ही अवस्था, तर ज्या निर्णयांत आपला मान, पैसा आणि नाती गुंतलेली असतात तिथे स्मृती तटस्थ राहील, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

कोणते निर्णय लिहावेत

सगळे निर्णय लिहायला जाऊ नये. ज्या निर्णयाचा परिणाम पुढे कधीतरी स्पष्टपणे पडताळता येईल, ज्यात निदान दोन खरेखुरे पर्याय होते आणि ज्यावर आपण थोडे तरी अडखळलो होतो, तेवढेच घ्यावेत. नोकरी, शिक्षण, मोठी खरेदी, माणसांची निवड, एखाद्या कामाला लागणारा वेळ, एखादा उपक्रम चालू ठेवायचा की थांबवायचा, असे विषय यात बसतात. महिन्याला दोन-तीन नोंदी झाल्या तरी वर्षाअखेरीस हातात भरपूर ऐवज असतो. कामाच्या वेळेचे छोटे अंदाज मात्र अधिक संख्येने लिहावेत, कारण त्यांचा निकाल लवकर लागतो आणि आपली सवय किती चुकीची आहे ते काही आठवड्यांतच दिसू लागते.

नोंद कशी लिहावी

नोंद निर्णय घेताना किंवा घेतल्यावर लगेच, त्याच दिवशी लिहावी. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत निर्णयाचे समर्थन शिरलेले असते. ज्या पर्यायाची आपण निवड केली त्याचे गुण आणि जो सोडला त्याचे दोष आपोआप वाढवून आठवतात. नोंदीत नेमके काय असावे हे एका काल्पनिक उदाहरणावरून दाखवतो.

"नोंद 14. दिनांक 12 मार्च, रात्री साडेनऊ. निर्णय : सध्याची नोकरी सोडून दुसऱ्या संस्थेत रुजू होणे. सोडलेले पर्याय : इथेच राहून विभाग बदलून मागणे, आणखी सहा महिने थांबणे. अंदाज : (क) पुढच्या वर्षी 12 मार्चला मी त्याच नव्या संस्थेत काम करत असेन, 75 टक्के. (ख) पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे एक स्वतंत्र प्रकल्प सोपवला जाईल, 60 टक्के. (ग) सहा महिन्यांनी माझे कामाचे तास आजच्यापेक्षा कमी असतील, 40 टक्के. बाजूची कारणे : काम माझ्या आवडीचे आहे; वरिष्ठांशी झालेली बोलणी मोकळी होती. विरोधी कारणे : स्वतंत्र प्रकल्पाचे आश्वासन केवळ तोंडी आहे, त्या विभागातून वर्षभरात दोघे बाहेर पडले, त्याचे कारण मी विचारले नाही. मनःस्थिती : काल इथल्या वरिष्ठांशी खटका उडाला, झोप अपुरी. पडताळणी : 12 सप्टेंबर आणि पुढील 12 मार्च."

या नोंदीतले अंदाज कसे घातले आहेत ते पाहावे. "नवी नोकरी चांगली निघेल" हा अंदाज नव्हे, कारण वर्षभरानंतर कोणत्याही परिस्थितीला "चांगली" म्हणता येते. प्रत्येक अंदाजाला मुदत हवी, आणि ती मुदत संपल्यावर एखाद्या त्रयस्थ माणसालाही "झाले" किंवा "झाले नाही" असे निःसंदिग्धपणे सांगता आले पाहिजे. ही अट पाळणे सुरुवातीला जड जाते. पण आपण काय अपेक्षा करत होतो हे आपल्यालाच धड ठाऊक नव्हते, असा शोध याच टप्प्यावर अनेकदा लागतो, आणि माझ्या मते वही ठेवण्याचा पहिला लाभ निकालाची वाट न पाहता इथेच पदरात पडतो.

खात्री अंकातच लिहावी. "बहुधा", "शक्यता आहे", "जवळजवळ नक्की" हे शब्द निकालानंतर हवे तसे ताणता येतात. अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या शर्मन केंट यांनी याचा एक बोलका अनुभव नोंदवून ठेवला आहे. 1951 च्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" असल्याचे म्हटले होते. अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना त्या शब्दांतून किती शक्यता अभिप्रेत होती असे केंट यांनी विचारले, तेव्हा उत्तरे 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एकाच वाक्याखाली सह्या करणाऱ्या तज्ज्ञांची ही स्थिती असेल, तर सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या "बहुधा"चा अर्थ आज आपण प्रामाणिकपणे लावू, हे कठीणच. अंक लिहिताना अगदी काटेकोर असण्याची गरज नाही. पाच किंवा दहाच्या पटीत लिहिले तरी काम भागते.

हा अंक इतरांचे मत ऐकण्यापूर्वी लिहावा. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1974 मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई, आणि ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघातील देशांपैकी किती टक्के आफ्रिकी आहेत, असे विचारले जाई. 10 आकडा पाहिलेल्यांचे मध्यक उत्तर 25 टक्के होते, तर 65 पाहिलेल्यांचे 45 टक्के. चक्राचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी कानावर किंवा डोळ्यांवर आधी पडलेल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढून घेतला. एखाद्या जाणत्या माणसाने उच्चारलेला आकडा तर त्याहून अधिक ओढतो.

विरोधी कारणांचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. वहीतल्या इतर सर्व रकान्यांपेक्षा मला हा अधिक मोलाचा वाटतो. ॲशर कोरियाट, सारा लिख्टेनस्टाइन आणि फिशहॉफ यांनी 1980 मध्ये असे दाखवले की आपल्या उत्तराच्या बाजूची कारणे लिहायला लावल्याने लोकांची खात्री वास्तवाच्या जवळ येत नाही, कारण ती कारणे मनात आधीच हजर असतात. उत्तराविरुद्धची कारणे लिहायला लावल्यावर मात्र फाजील खात्री कमी होते. विरोधी कारण सुचतच नसेल तर एक युक्ती करावी. मुदत संपली आहे, निर्णय पूर्णपणे फसला आहे, असे गृहीत धरावे आणि तो का फसला याचे वर्णन भूतकाळात लिहावे. "फसू शकेल" असे म्हणण्याऐवजी "फसला" असे म्हटल्यावर मन अधिक आणि अधिक नेमकी कारणे शोधते, असे 1989 च्या एका संशोधनात दिसले, आणि गॅरी क्लाईन यांनी त्याच धर्तीवर संघांसाठी एक पद्धत बसवली. पश्चातबुद्धीचे बळ इथे निकालापूर्वीच आपल्या कामी लावता येते.

मनःस्थितीची ओळ क्षुल्लक वाटेल, पण तीही गाळू नये. राग, थकवा, घाई किंवा नुकतेच मिळालेले यश यांचा त्या वेळच्या अंदाजावर प्रभाव पडतो, आणि ही भावना स्मृतीत फार काळ जशीच्या तशी राहत नाही. वर्षभरानंतर आपण तो निर्णय शांत डोक्याने घेतला होता असेच आठवण्याची शक्यता अधिक.

मधल्या काळात

नोंद लिहून झाली की पडताळणीच्या तारखेपर्यंत ती उघडू नये आणि तिच्यात कोणताही बदल करू नये. नवी माहिती मिळाल्याने अंदाज बदलला, तर नव्या तारखेची वेगळी नोंद करून जुन्या नोंदीचा क्रमांक तिथे लिहावा. खाडाखोड करून सुधारलेली नोंद स्मृतीइतकीच निरुपयोगी ठरते. शक्यतो शाईने, बांधलेल्या वहीत लिहावे. संगणकावर लिहायचे असेल तर स्वतःलाच ईमेल पाठवून ठेवणे चांगले, कारण त्यावर तारीख आपोआप पडते आणि मजकूर नंतर बदलता येत नाही.

पडताळणी

ठरलेली तारीख आली की वही लगेच उघडू नये. आधी एका कोऱ्या कागदावर, आपण त्या वेळी कोणता अंदाज केला होता, किती टक्के खात्री होती आणि मुख्य कारण कोणते होते, हे आठवणीने लिहावे. त्यानंतरच मूळ नोंद वाचावी आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. दोन्ही कागदांतले अंतर म्हणजे आपली पश्चातबुद्धी. ती इतकी उघडपणे दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. आठवणीतला 85 आणि वहीतला 60 असे आकडे दोन-चार वेळा समोर आले की "मी सांगत होतो" हे शब्द तोंडातून जपून निघू लागतात.

मग निकाल नोंदवावा, पण निकाल आणि निर्णयाचा दर्जा यांची गल्लत होऊ देऊ नये. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 मध्ये लोकांना शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या एका डॉक्टरांची हकिकत वाचायला दिली. डॉक्टरांजवळची माहिती दोन्ही आवृत्त्यांत तीच होती, फक्त एकीत रुग्ण बरा झाला आणि दुसरीत दगावला. रुग्ण दगावल्याचे वाचणाऱ्यांनी तोच निर्णय वाईट ठरवला. आपणही स्वतःला याच मापाने मोजतो. त्यामुळे पडताळणी करताना प्रश्न असा विचारावा : त्या दिवशी मला जे ठाऊक होते आणि जे सहज विचारून ठाऊक करून घेता आले असते, तेवढ्यावर हा निर्णय योग्य होता का? वरच्या उदाहरणात विभागातून दोघे का बाहेर पडले हे न विचारणे ही निर्णयातली उणीव आहे, आणि नोकरी पुढे उत्तम चालली तरीही ती उणीवच राहते. उलट, संस्था अनपेक्षितपणे बंद पडली तर अंदाज चुकला, पण त्यासाठी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. चांगले निकाल लागलेल्या निर्णयांचीही अशीच कसून तपासणी करावी. बहुतेक लोक ती करत नाहीत, आणि त्यामुळे नशिबाने सावरलेल्या चुका पुन्हा पुन्हा होत राहतात.

नोंदी बऱ्याच साठल्यावर आकड्यांचा हिशेब करावा. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये सुचवलेल्या मापाचे सोपे रूप इथे पुरेसे आहे. अंदाज दशांशात लिहावा, घटना घडली असेल तर 1 आणि घडली नसेल तर 0 घ्यावे, दोहोंतील फरकाचा वर्ग करावा आणि सर्व अंदाजांच्या वर्गांची सरासरी काढावी. ती जितकी कमी, तितके अंदाज चांगले. समजा, नोंद 14 मधील (क) खरा ठरला, (ख) खोटा आणि (ग) खरा. पहिल्याचा फरक 0.25, म्हणून वर्ग 0.0625. दुसऱ्याचा फरक 0.60 आणि वर्ग 0.36. तिसऱ्याचाही फरक 0.60 आणि वर्ग 0.36. सरासरी सुमारे 0.26 येते. प्रत्येक वेळी डोळे झाकून 50 टक्के लिहिले असते तर ती 0.25 आली असती, म्हणजे या तीन अंदाजांत खात्रीचा काहीच उपयोग झाला नाही. अर्थात तीन अंदाजांवरून निष्कर्ष काढू नये. किमान तीस-चाळीस तरी हवेत. तेवढे झाले की 80 टक्के लिहिलेल्या सर्व अंदाजांचा वेगळा गट करून त्यांतले प्रत्यक्षात किती खरे ठरले ते मोजावे. ते निम्म्याच्या आसपास असतील, तर आपल्या 80 चा अर्थ काय हे आपल्याला आता कळलेले असते.

ही पद्धत गटातही वापरता येते. त्यात एकच पथ्य महत्त्वाचे : चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज आणि विरोधी कारणे स्वतंत्रपणे लिहून द्यावीत, आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने शेवटी बोलावे.

कामाच्या वेळेचे अंदाज

वहीचा सर्वांत जलद फायदा इथे होतो, म्हणून याविषयी थोडे अधिक. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 33.9 दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते; प्रत्यक्षात सरासरी 55.5 दिवस लागले. सगळे काही बिघडले तर किती लागतील या प्रश्नाचे त्यांचे सरासरी उत्तरही 48.6 दिवसच होते. म्हणजे वाईटात वाईट धरूनसुद्धा अंदाज कमीच पडला. याचे एक कारण असे की अंदाज करताना आपण समोरच्या कामाच्या पायऱ्या मनात रंगवतो, आणि पूर्वीची तशीच कामे किती लांबली होती हे आठवले तरी प्रत्येक वेळच्या विलंबाला त्या त्या वेळचे खास कारण देऊन बाजूला सारतो.

म्हणून अशा प्रत्येक नोंदीपुढे काम संपल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहावा आणि त्याला अंदाजाने भागावे. दहा दिवसांचे काम सोळा दिवसांत झाले तर गुणोत्तर 1.6. अशी वीसेक गुणोत्तरे जमली की ती चढत्या क्रमाने मांडून मधले पाहावे. पुढच्या वेळी कोणी "किती दिवसांत देता?" असे विचारले, तर नेहमीप्रमाणे मनातला आकडा आधी लिहावा, त्याला त्या मधल्या गुणोत्तराने गुणावे आणि गुणाकार सांगावा. या वेळचे काम वेगळे आहे, या वेळी तेवढा वेळ लागणार नाही असे वाटले, तर तेही त्याच नोंदीत विरोधी कारणांच्या शेजारी लिहून ठेवावे, आणि मुदत संपल्यावर वही उघडून पाहावी.